कुंपणानेच शेत खाल्लं : नागपूरचा तो सामना आणि कॅप्टन हॅन्सी क्रोनिए

१ जून हा दक्षिण आफ्रिकेचा माजी कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचा स्मृतिदिन. २००२ मध्ये याच तारखेला विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो अवघ्या ३२ वर्षांचा होता. आज जे पस्तिशी-चाळिशीच्या पुढे आहेत त्यांना हा माणूस चांगलाच आठवत असेल. उंचपुरा, गंभीर चेहऱ्याचा, मैदानात शिस्तीत वावरणारा कॅप्टन. सचिन तेंडुलकरला भल्याभल्या वेगवान बोलर्सनी घाबरवलं नाही, पण क्रोनिएच्या साध्या मध्यमगती बॉलिंगने त्याला कसोटीत पाच वेळा बाद केलं. नव्या पोरांना मात्र त्याचं नाव एकाच कारणाने माहीत असतं, मॅच फिक्सिंग.

या प्रकरणाचा एक मोठा धागा आपल्या विदर्भातून, नागपूरच्या मैदानावरून जातो. म्हणूनच ही गोष्ट नीट, पहिल्यापासून समजून घेण्यासारखी आहे.

शिस्तीच्या घरातला मुलगा

हॅन्सीचं पूर्ण नाव वेसेल योहानेस क्रोनिए. जन्म २५ सप्टेंबर १९६९, ब्लोमफाँटेन शहरात. घर आफ्रिकान्स भाषा बोलणारं, देवधर्म पाळणारं आणि खेळाचं वेड असलेलं. वडील एवी क्रोनिए स्वतः क्रिकेट खेळलेले. मोठा भाऊ फ्रान्स हाही क्रिकेटपटू. शिक्षण शहरातल्या नामांकित ग्रे कॉलेजमध्ये झालं, पुढे कॉमर्सची पदवी घेतली. म्हणजे हिशेब कळत नव्हता असं म्हणायला जागा नाही.

वयाच्या २१ व्या वर्षी तो ऑरेंज फ्री स्टेट या प्रांताच्या संघाचा कर्णधार झाला. त्याच सुमारास त्याच्या देशातही मोठा बदल होत होता. वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिकेला जागतिक क्रिकेटने जवळजवळ २२ वर्षे बाहेर ठेवलं होतं. १९९० मध्ये नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटले आणि पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेचा संघ भारतात येऊन कोलकात्यात आंतरराष्ट्रीय सामना खेळला. १९९२ च्या वर्ल्ड कपमध्ये क्रोनिएने पहिला एकदिवसीय सामना खेळला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध ब्रिजटाउनला पुनरागमनाची पहिली कसोटी झाली, त्यातही तो होता.

१९९४ मध्ये देशात पहिल्यांदा सगळ्या वर्णांच्या लोकांनी मतदान केलं आणि मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच वर्षी २५ वर्षांचा क्रोनिए कसोटी संघाचा कर्णधार झाला. नवा देश, नवा झेंडा आणि नवा कॅप्टन. लोकांनी त्याला नुसता खेळाडू म्हणून नाही, तर नव्या दक्षिण आफ्रिकेचा चेहरा म्हणून डोक्यावर घेतलं.

त्यानेही काम करून दाखवलं. ५३ कसोटींत नेतृत्व केलं, त्यातल्या २७ जिंकल्या आणि फक्त ११ हरल्या. १३८ एकदिवसीय सामन्यांत नेतृत्व केलं आणि ९९ जिंकले. १९९८ मध्ये ढाक्याला झालेली पहिली आयसीसी नॉकआउट स्पर्धा त्याच्याच संघाने जिंकली. १९९९ च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल ऑस्ट्रेलियाविरुद्ध बरोबरीत सुटली आणि फायनल हातातून गेली, तेव्हा सगळ्या जगाला त्याच्या संघाबद्दल हळहळ वाटली. मनगटात तो येशूच्या शिकवणीची आठवण देणारा पट्टा घालायचा. चर्चमध्ये जाणारा, घाम गाळणारा, सहकाऱ्यांकडून कडक मेहनत करून घेणारा माणूस अशी त्याची ख्याती होती. म्हणून पुढे जे झालं त्यावर सुरुवातीला कोणाचाच विश्वास बसला नाही.

पहिला पैसा कानपूरला

बांध एका रात्रीत सरकत नाही. दरवर्षी वीतभर कोरला जातो. क्रोनिएचंही तसंच झालं.

१९९६ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेचा संघ भारत दौऱ्यावर होता. तिसरी कसोटी कानपूरला. क्रोनिएने पुढे चौकशी आयोगासमोर सांगितलं त्यानुसार, तिथे त्याची मुकेश गुप्ता नावाच्या माणसाशी ओळख झाली. ही ओळख मोहम्मद अझरुद्दीनने करून दिली असं त्याने सांगितलं. अझरुद्दीनने हे आरोप नाकारले. भारतीय बोर्डाने २००० मध्ये अझरुद्दीनवर आजीवन बंदी घातली होती, ती २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली.

कानपूरला क्रोनिएला सुमारे ३० हजार डॉलर मिळाले. सामना हरायचा, एवढंच काम. संघ तेव्हा तसाही पराभवाच्या वाटेवर होता आणि शेवटी २८० धावांनी हरला. क्रोनिएचं म्हणणं असं की, त्याने हरण्यासाठी काहीच केलं नाही, फक्त पैसे ठेवून घेतले. काही न करता पैसे मिळाले, मग त्यात बिघडलं काय? गळाला लागलेल्या प्रत्येकाची सुरुवात याच विचाराने होते. पण बुकीने ते पैसे त्या सामन्यासाठी दिलेच नव्हते. त्याने कॅप्टनला मिंधा करून ठेवला होता.

त्याच दौऱ्याच्या शेवटी डिसेंबरमध्ये मुंबईत मोहिंदर अमरनाथच्या मदतीसाठी एक सामना झाला. त्याआधी क्रोनिएने चक्क टीम मीटिंगमध्ये प्रस्ताव ठेवला, सामना हरला तर संघाला दोन लाख डॉलरच्या वर रक्कम मिळेल. खेळाडू दमलेले होते, घरी जायची घाई होती. चर्चा झाली, काहींनी ठाम विरोध केला आणि प्रस्ताव फेटाळला गेला. पण एक गोष्ट राहून गेली. कॅप्टनने असा विषय काढला हे कोणी बोर्डाला लेखी कळवून कारवाई करायला लावली नाही. हसण्यावारी नेलं गेलं. विषय तिथेच थांबला असता तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

१९९७ च्या सुरुवातीला भारताचा संघ दक्षिण आफ्रिकेत गेला, तेव्हा संघाची माहिती आणि डाव कधी घोषित होणार याबद्दलची खबर बुकीला देऊन त्याने पुन्हा पैसे घेतले.

बुकीला नेमकं काय हवं असतं?

इथे थोडं थांबून सट्ट्याचा धंदा समजून घेतला पाहिजे, कारण आजही तो असाच चालतो.

पूर्ण सामना फिक्स करायचा तर पाच-सहा खेळाडू फोडावे लागतात. ते अवघड आणि धोक्याचं. त्यापेक्षा सोपं म्हणजे सामन्याचा एक तुकडा फिक्स करणं. अमुक बॅट्समन २० च्या आत बाद होणार, अमुक बोलर ५० च्या वर धावा देणार, संघ २७० च्या पुढे जाणार नाही. यालाच स्पॉट फिक्सिंग म्हणतात. संघ जिंकला काय, हरला काय, बुकीला फरक पडत नाही. त्याला एक गोष्ट आधी कळली की तो तसा भाव लावतो आणि हजारो लोक आपला पैसा त्या भावावर लावतात. पैसा लावणाऱ्याला वाटतं आपण क्रिकेट ओळखून खेळतोय. पत्ते मात्र आधीच लावून ठेवलेले असतात.

नुसती माहितीसुद्धा विकली जाते. खेळपट्टी कशी आहे, कोण जखमी आहे, टॉस जिंकला तर काय घेणार. अशी माहिती कॅप्टनइतकी पक्की कोणाकडे असणार? म्हणून बुकींना कॅप्टन हवा होता.

लेदर जॅकेटची कसोटी

जानेवारी २००० मध्ये सेंच्युरियनला इंग्लंडविरुद्ध पाचवी कसोटी होती. मालिका आफ्रिकेने आधीच जिंकली होती. पहिल्या दिवसानंतर सलग तीन दिवस पाऊस. सामना अनिर्णित राहणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. शेवटच्या दिवशी क्रोनिएने इंग्लंडपुढे प्रस्ताव ठेवला, दोन्ही संघांनी एकेक डाव सोडून द्यायचा आणि निकाल लावायचा. इंग्लंडला २४९ धावांचं लक्ष्य मिळालं. शेवटच्या षटकात, दोन गडी राखून इंग्लंड जिंकलं.

प्रेक्षकांना मजा आली. अनेकांनी क्रोनिएच्या खिलाडूवृत्तीचं कौतुक केलं. खरी गोष्ट नंतर बाहेर आली. आदल्या संध्याकाळी मार्लन ॲरनस्टॅम नावाचा एक बुकी त्याला भेटला होता. अनिर्णित सामन्यात त्याला रस नव्हता, काहीतरी निकाल हवा होता. या कामाबद्दल क्रोनिएला सुमारे ५३ हजार रँड आणि एक लेदर जॅकेट मिळालं. देशाच्या कॅप्टनने कसोटी सामन्याचा निकाल लावला आणि बदल्यात जॅकेट घेतलं. पुढे लोकांच्या डोक्यात रकमेपेक्षा हे जॅकेटच जास्त बसलं.

त्यानंतर काही दिवसांतच जोहान्सबर्गच्या एका मिठाईवाल्याच्या ओळखीतून लंडनमध्ये राहणारा संजीव चावला त्याला डर्बनच्या हॉटेलात भेटला. त्याने मोबाइल फोनचा एक बॉक्स हातात दिला. बॉक्समध्ये डॉलर होते. क्रोनिएने बॉक्स परत केला नाही.

१९ मार्च २०००, नागपूर

फेब्रुवारी-मार्च २००० मध्ये संघ भारतात आला. मुंबई आणि बंगळूर या दोन्ही कसोटी जिंकून आफ्रिकेने भारताला घरच्या मैदानावर हरवलं. १९८७ नंतर भारताने मायदेशात मालिका गमावली नव्हती, त्यामुळे हा पराक्रम मोठाच होता. पण याच दौऱ्यात चावलाचे फोन चालू होते. बंगळूर कसोटीआधी क्रोनिएने कॅलिस, बाउचर आणि क्लुझनर यांच्यासमोर पैशाचा विषय काढून पाहिला. त्यांनी तो चेष्टेत घेतला आणि उडवून लावला.

मग एकदिवसीय मालिका सुरू झाली. शेवटचा, पाचवा सामना नागपूरला, सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए मैदानावर. मालिकेचा निकाल आधीच भारताच्या बाजूने लागला होता. सामन्याआधी क्रोनिए दोन खेळाडूंकडे गेला. एक हर्शेल गिब्ज, दुसरा नुकताच संघात आलेला बोलर हेन्री विल्यम्स. गिब्जने २० च्या आत बाद व्हायचं, विल्यम्सने दहा षटकांत ५० च्या वर धावा द्यायच्या. दोघांना प्रत्येकी १५ हजार डॉलर. दोघेही तयार झाले.

यात एक गोष्ट मनाला जास्त लागते. सीनियर गोऱ्या खेळाडूंनी विषय उडवून लावल्यावर कॅप्टन ज्या दोघांकडे गेला, ते दोघेही वर्णभेदाच्या काळात दाबून ठेवलेल्या समाजातले होते. ज्यांना वर आणायची नव्या देशाची जबाबदारी, त्यांनाच त्याने चिखलात ओढलं. शिवाय बुकीशी बोलणं प्रत्येकी २५ हजारांचं होतं आणि पोरांना सांगितले १५ हजार. म्हणजे मधले दहा-दहा हजार कॅप्टनच्या खिशात जाणार होते. कुंपणच शेत खातं ते असं.

पण मैदानात सगळं उलटंच झालं. गिब्जची बॅट लागली ती लागलीच. ५३ चेंडूंत ७४ धावा. संघ २७० च्या आत राहायचा होता, तो ३२० वर गेला. विल्यम्सचा खांदा दुखावला आणि अकरा चेंडू टाकून तो बाहेर गेला. आफ्रिका १० धावांनी जिंकली. ठरलेलं काहीच झालं नाही, पैसेही मिळाले नाहीत. तरी हो म्हटल्याचा डाग दोघांनाही लागला.

फोन ऐकला आणि भांडं फुटलं

दिल्ली पोलिसांची क्राइम ब्रँच तेव्हा खंडणीच्या एका वेगळ्याच प्रकरणात काही फोन ऐकत होती. त्यात क्रिकेटची भाषा ऐकू यायला लागली. कोण खेळणार, कोण किती रन करणार, किती पैसे. एक आवाज परदेशी होता. ७ एप्रिल २००० रोजी पोलिसांनी जाहीर केलं की हा आवाज हॅन्सी क्रोनिएचा आहे.

दक्षिण आफ्रिकेत संतापाची लाट उसळली, पण ती दिल्ली पोलिसांच्या विरोधात. बोर्ड क्रोनिएच्या पाठीशी उभं राहिलं. क्रोनिएने सगळं नाकारलं. चार दिवस हे चाललं. ११ एप्रिलच्या पहाटे तीनच्या सुमारास त्याने बोर्डाचे प्रमुख अली बाकर यांना फोन करून सांगितलं की आपण पूर्ण खरं बोललो नव्हतो. त्याच दिवशी त्याचं कर्णधारपद गेलं. दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात शॉन पोलॉक कॅप्टन म्हणून टॉसला गेला.

जूनमध्ये केपटाउनला न्यायमूर्ती एडविन किंग यांच्या आयोगासमोर चौकशी सुरू झाली. खरं सांगितलं तर फौजदारी खटला नाही, असं आश्वासन क्रोनिएला मिळालं होतं. सरकारी वकील शमिला बटोही यांनी त्याला दिवसेंदिवस प्रश्न विचारले. सगळ्या देशाचं लक्ष तिकडे लागलं होतं. वर्षावर्षाने, सामन्यागणिक पैशाचा हिशेब निघत गेला. सगळं मिळून त्याने घेतलेली रक्कम एक लाख तीस हजार डॉलरच्या आसपास भरली. पैशाचा मोह आपल्याला सुटला नाही, असं त्याने कबूल केलं. एकही सामना आपण मुद्दाम हरलो नाही, हा दावा त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. साक्ष संपली तेव्हा तो ढसाढसा रडत होता. त्याला आधार देऊनच बाहेर न्यावं लागलं.

गिब्ज आणि विल्यम्स यांच्यावर सहा महिन्यांची आंतरराष्ट्रीय बंदी आणि दंड. ऑक्टोबर २००० मध्ये क्रोनिएवर आजीवन बंदी. पुढच्या वर्षी त्याने कोर्टात दाद मागितली, पण अर्ज फेटाळला गेला. या प्रकरणाच्या धक्क्याने आयसीसीने २००० मध्येच स्वतंत्र भ्रष्टाचारविरोधी पथक उभं केलं. लंडन पोलिसांचे माजी प्रमुख पॉल कॉन्डन यांच्याकडे त्याची सूत्रं दिली. आज ड्रेसिंग रूममध्ये खेळाडूंना फोन वापरू देत नाहीत, बुकीने नुसता संपर्क साधला तरी कळवणं सक्तीचं आहे, ही कडक शिस्त या घटनेनंतरची.

शेवटचा प्रवास

बंदीनंतर क्रोनिएने नव्याने उभं राहायचा प्रयत्न केला. अवजड यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत हिशेबाच्या विभागात नोकरी धरली. आठवडाभर जोहान्सबर्गला काम आणि सुटीला जॉर्ज गावाजवळच्या घरी पत्नी बर्थाकडे, असा क्रम होता. १ जून २००२ रोजी घरी जाताना नेहमीचं विमान मिळालं नाही, म्हणून तो एका मालवाहू विमानात बसला. एकटाच प्रवासी, सोबत दोन वैमानिक. जॉर्जजवळ हवामान खराब होतं, ढग खाली आले होते. विमान आउटेनिक्वा डोंगरावर आदळलं. तिघेही जागीच गेले.

पुढे अनेक वर्षे त्याच्या मृत्यूबद्दल तऱ्हेतऱ्हेच्या अफवा उठल्या, सट्टेबाजांनी घातपात केला असंही बोललं गेलं. २००६ मध्ये न्यायालयीन चौकशी झाली आणि दोष वैमानिकांच्या चुकीवर ठेवला गेला. अंत्यसंस्कार त्याच्याच जुन्या शाळेत, ग्रे कॉलेजमध्ये झाले. तिथे मोठी गर्दी लोटली होती. २००४ मध्ये एका टीव्ही वाहिनीने थोर दक्षिण आफ्रिकन कोण यावर लोकांची मतं घेतली, त्यात क्रोनिए ११ व्या क्रमांकावर आला. लोकांना राग होता तसा जीवही होता.

कायद्याचं चाक मात्र सावकाश फिरलं. दिल्ली पोलिसांनी आरोपपत्र दाखल केलं ते २०१३ मध्ये, म्हणजे १३ वर्षांनी. संजीव चावलाला ब्रिटनमधून भारतात आणायला फेब्रुवारी २०२० उजाडला.

पैसा कोणाचा जातो?

क्रोनिए गरीब नव्हता. मान होता, नोकरी होती, जाहिराती होत्या, देश पाठीशी होता. कमी होती ती नाही म्हणायची. कानपूरला फुकटचे वाटलेले ३० हजार डॉलर परत केले असते, तर पुढे जॅकेटही नसतं आणि नागपूरही नसतं.

आता सट्टा फोनवर, ॲपवर, गावागावात पोहोचला आहे. पूर्वी बुकी शोधत शहरात जावं लागायचं, आता तो खिशात घेऊन माणूस शेतात फिरतो. आयपीएलच्या दिवसांत पुढच्या बॉलवर काय होईल यावर कापसाचे, सोयाबीनचे पैसे लागतात. कर्ज काढून खेळणारेही आहेत. नागपूरच्या त्या सामन्यातही अशाच कितीतरी लोकांनी पैसा लावला असेल. आफ्रिकेचा कॅप्टन आदल्या दिवशी काय ठरवून बसला आहे, याची त्यातल्या एकालाही कल्पना नव्हती. इतका मोठा, इतका सज्जन दिसणारा कॅप्टन विकला जात होता, तर ॲपच्या मागे बसलेल्या अनोळखी माणसाच्या भरवशावर घरचा पैसा लावायचा का, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आणि गावच्या टेनिस बॉल टूर्नामेंटमध्ये कोणी येऊन पोरांना एक ओव्हर ढिली टाकायला हजार-पाचशे देऊ करत असेल, तर ते चेष्टेत घेऊ नका. १९९६ मध्ये मुंबईच्या त्या मीटिंगमध्येही सगळ्यांनी ते हसण्यावारीच नेलं होतं.